न काढलेले कंस

मूठभर मूग तुगिनाहने ओढणीच्या गाठीत बांधून आणले होते. लुत्फीच्या खोलीच्या उंबऱ्यात आल्यावर तिने गाठ सैल केली आणि ते लादीवर सांडू दिले. टपटप उड्या मारत दाणे टेबलाखाली, पलंगाखाली, कपाटाच्या फटीत गेले.

“अगं बाई, सांडले!” ती म्हणाली, आणि जागची हलली नाही. कान देऊन उभी राहिली.

ज्या घरात तुयुल पाळलेला असतो, तिथे मूग सांडले की तो लपून राहू शकत नाही. टकलं, उघडंवाघडं, हातभर उंचीचं भुताचं पोर ते. धनी सांगेल त्या घरातून पैसे चोरून आणतं, पण खेळायला काही दिसलं की सगळं विसरतं. मूग दिसले की वेचायला बसतंच. हे तुगिनाहला तिच्या आजीने सांगितलं होतं, आणि आजी खोटं बोलत नसे, निदान भुतांबद्दल तरी.

टेबलाखालून कोणी बाहेर आलं नाही. लुत्फी मात्र खुर्चीवरून उठला, गुडघ्यांवर बसला आणि दाणे वेचायला लागला.

“राहू द्या बू, मी गोळा करतो. तुम्ही बसा.”

तुगिनाहने त्याच्या डोक्याकडे निरखून पाहिलं. केस होते. चांगले लांब, पोरीसारखे मागे बांधलेले. म्हणजे हा स्वतः तुयुल नव्हता, एवढं तरी ठरलं.

पाच महिन्यांनी तिची एकुलती एक वेनिंग या घरात सून म्हणून येणार होती. पोरगा दिसायला बरा होता, बोलायला गोड होता, आणि तिथेच तुगिनाहचं मन अडत होतं. याला शेत नाही, दुकान नाही, कचेरीचा गणवेश नाही. दिवसभर पडदा ओढून घरात बसतो आणि त्याच्या आईच्या घराला मात्र नवी लादी, नवी कौलं. पैसा कुठून येतो विचारलं तर परदेशातून म्हणतो. परदेशातून पैसा यायचा तर माणसाला परदेशी जावं लागतं, हे तुगिनाहइतकं गावात कोणाला ठाऊक होतं? आणि गेलेल्या माणसाचाही येतोच असं नाही, हेही.

टेबलावरच्या काचेच्या पडद्यावर एक भलं मोठं नाव उमटलेलं होतं. तुगिनाह तिसरीतनं उठलेली. सरळ ठोकळ्याचं छापील अक्षर ती बोट ठेवून वाचायची. हे वळण तिच्या बोटाच्या पलीकडचं होतं. ताडगुळाचा पाक झाऱ्याने उचलून धरावा आणि त्याची तार खाली पडता पडता वळत जावी, तसं. खाली येताना जाड, वर जाताना केसाएवढी बारीक. सुंदर होतं. सुंदर होतं म्हणूनच तिला ते आवडलं नाही.

“काय लिहिलंय तिथं?”

“मिरांडा,” टेबलाखालून लुत्फी म्हणाला.

“कोण ही?”

“कोणी नाही बू. अक्षराचं नाव आहे.”

“अक्षराला कशाला नाव लागतं?”

“एका हातची, एका वळणाची सगळी अक्षरं मिळून एक घराणं होतं. त्या घराण्याचं नाव. हे मिरांडा. याच्या आधीचं रोसलिन. त्याच्या आधी इसाबेला.”

“तिघीजणी!”

“अकरा झाल्यात,” लुत्फी टेबलाखालून बाहेर येत अभिमानाने म्हणाला.

“आणि त्यात एकाही पुरुषाचं नाव नाही?”

“पुरुषांची नावं खपत नाहीत बू. या वळणाला बाईचंच नाव शोभतं.”

तुगिनाहने खुर्ची ओढली आणि बसली. “खपतात म्हणजे? अक्षरं विकतोस तू?”

“तेच तर सांगतोय कधीपासून.”

“अक्षरं शाळेत फुकट मिळतात. मी तिसरीतनं उठले तरी मला मिळाली होती.”

लुत्फी हसला. मोकळं हसला, आणि त्या हसण्याचाही तिला संशय आला. मग त्याने तिला चित्रं दाखवली. अत्तराच्या बाटलीवर त्याचं अक्षर, केकच्या खोक्यावर त्याचं अक्षर, कुठल्या तरी बर्फाळ गावातल्या लग्नाच्या कमानीवर, फुलांच्या मधोमध, त्याचं अक्षर. “नवरीचं नाव सरळ ठोकळ्यात छापलं तर खोकल्याच्या औषधावर छापल्यासारखं दिसतं,” तो म्हणाला. “म्हणून लोक हे घेतात. तुमच्या शेजारच्या बू साजियेम, त्यांच्या पोरीच्या पार्लरची पाटी पाहिलीत? ते माझंच रोसलिन आहे. न विचारता उचललं. असू दे, गावातलेच आहेत.”

तुगिनाहने ही शेवटची गोष्ट तेवढी नीट जपून ठेवली. बाकीच्यावर तिचा विश्वास बसला नाही. बर्फाळ गावातल्या नवरीला या कालीजेरुक गावाचा रस्ता कोणी दाखवला?

ती घरी आली तेव्हा साजियेम कुंपणाशी उभीच होती, हातात झाडू, झाडत काहीच नव्हती.

“काय गं, पाहिलंस? निघालं काही?”

“मूग निघाले,” तुगिनाह म्हणाली. “त्याने वेचून परत दिले.”

“त्याने वेचले? स्वतः? अस्तगफिरुल्ला! मग त्याच्याच अंगात असेल ते!” साजियेमने झाडू छातीशी धरला. “माझ्या कपाटातली नोट गेली गं परवा. आणि तो पोरगा त्याच दिवशी दारावरनं गेला होता. मी म्हणते, पोर दे, पण आधी त्याची बंद खोली उघडून बघ.”

वाटेभर तुगिनाह हेच मनात घोळवत आली होती. पण स्वतःच्या जावयावर संशय घ्यायचा तो आपण घ्यायचा, कुंपणापलीकडच्या बाईने नाही.

“खोली उघडीच होती,” ती म्हणाली. “चोरीचं म्हणशील तर तुझ्या लेकीच्या पार्लरच्या पाटीवरची अक्षरं त्याची आहेत. न विचारता उचललेली. मग कोणाच्या घरात तुयुल आहे, तूच सांग.”

साजियेमने झाडायला सुरुवात केली.

तुगिनाहची जीभ अशी होती, आणि गाव ती खपवून घ्यायचं, कारण तिचा भात. आसपासच्या तीन गावांत लग्न ठरलं की मांडवाआधी तुगिनाहला निरोप जायचा. लग्नघराच्या मागच्या अंगणात तिची चूल लागली की तिथे तिचं राज्य. किती माणसाला किती तांदूळ, वाफ कधी धरायची, कोणाला पाटावर बसवायचं आणि कोणाला नारळ किसायला लावायचं, हे सगळं ती ठरवायची. सरपंचाची बायकोही तिथे येऊन हळू आवाजात बोलायची.

म्हणून पत्रिका तिच्याकडे ढिगाने येत. वाचता येत नसल्या तरी पाहता येत होत्या. कोणाची जाड, कोणाची सोनेरी, कोणाची दोऱ्याने बांधलेली. वर नवरानवरीची नावं, खाली आईबापांची. आणि एक खूण तिला अगदी लांबूनही ओळखू यायची. बापाच्या नाहीतर आईच्या नावापुढे दोन चंद्रकोरी समोरासमोर, आणि त्यांच्या मध्ये कोंडलेलं एवढंसं अल्म. म्हणजे अल्मार्हूम, म्हणजे तो माणूस आता नाही. वय वाढत गेलं तशा पत्रिकांवर त्या चंद्रकोरी वाढत गेल्या. त्या दिसल्या की तुगिनाह मनात बिस्मिल्ला म्हणून पत्रिका खाली ठेवायची.

वेनिंगच्या पत्रिकेवरही त्या येणार होत्या. यायलाच हव्या होत्या.

वेनिंग पाच वर्षांची असताना तिचा बाप पोनिरान मलेशियाला ताडाच्या मळ्यात कामाला गेला. दोन वेळा पैसे पाठवले, मग काही नाही. वर्ष उलटल्यावर तिकडूनच परतलेला एक गाववाला मागच्या दाराने आला आणि मान खाली घालून सांगून गेला की पोनिरान मळ्यात नाही, जोहोरला आहे. फळांच्या गाडीवर. बरोबर एक बाई आहे आणि बाईच्या कडेवर मूल. तुगिनाहने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, तू दुसऱ्या कोणाला तरी पाहिलंस. तो मुकाट्याने गेला, आणि पुढे कायमचा सुमात्राला गेला.

त्याच पावसाळ्यात बातामच्या समुद्रात मलेशियाहून परतणाऱ्या माणसांनी भरलेली एक होडी बुडाली. सगळ्यांची नावं काही सापडली नाहीत. तुगिनाहने त्या होडीत पोनिरानला बसवून दिलं.

कोणी उलटून विचारलं नाही. ती रडली नाही, आणि लोक म्हणाले, काय धीराची बाई! पाक मोदिन, म्हणजे गावातलं निकाहापासून दफनापर्यंतचं सगळं बघणारे गृहस्थ, स्वतः येऊन दुवा मागून गेले. सातव्या दिवसाची कंदुरी झाली, चाळिसाव्याची झाली, शंभराव्याची झाली. हजाराव्या दिवशी तिने बकरा कापला आणि सगळ्या गावाला जेवू घातलं. स्वतःच्या हाताने भात वाढला. जेवण इतकं चांगलं झालं की त्यानंतरच लोक तिला लग्नाचा भात करायला बोलवायला लागले.

वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या घरांकडे संशयाने बघत आली होती, आणि तिच्या घराकडे तसं कोणी बघितलं नव्हतं. ते बघतील या भीतीने ती कधी गाफील राहिली नाही.

लुत्फी पत्रिकेचा कच्चा नमुना घेऊन आला तो शुक्रवार होता. नमाज आटोपून लोक घरी परतले होते, आणि वेनिंग तिच्या बालवाडीतून येऊन भाजलेली केळी खात बसली होती. लुत्फीने कागद टेबलावर पसरला, कडा हाताने सपाट केल्या, आणि परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला.

“यासाठी नवं वळण काढलंय बू. हे विकायचं नाही. एवढ्या एका पत्रिकेसाठी.”

“आता ही कुठली बाई?” तुगिनाहने विचारलं.

वेनिंग हसली. “माक, पुरे गं! तीन महिने झाले, रोज एका नव्या बाईवरनं त्याला छळतेस.”

“नाव अजून ठेवलेलं नाही,” लुत्फी म्हणाला.

तुगिनाहने कागद जवळ ओढला. वेनिंगचं नाव मोठं, मधोमध. ते तिला कळलं, कारण ते तिला कळायलाच हवं होतं. खाली लहान अक्षरात दोन नावं. एक तिचं. सहीपुरतं ती तेच लिहायची, पण इथे ते असं नटलं होतं की स्वतःचंच नाव परक्या बाईने नेसलेल्या लुगड्यासारखं वाटलं. त्याच्या पहिल्या अक्षराची शेपटी डावीकडे वाहत गेली होती आणि शेजारच्या नावाच्या खालून एक लांब वळसा घेऊन थांबली होती. ते शेजारचं नाव पोनिरानचं, दुसऱ्या कोणाचं असणार?

तिने बोट ठेवलं. नावाच्या शेवटापर्यंत नेलं. पुढे नेलं.

चंद्रकोरी नव्हत्या.

बोट परत मागे आणलं, परत पुढे नेलं. अक्षर वळणाचं आहे, कुठेतरी वळणात लपल्या असतील. कागद उजेडाला धरला. नव्हत्या. पोनिरान म्हणजे पोनिरान, आणि पुढे कोरा कागद. जिवंत माणसाच्या नावापुढे असतो तसा.

तुगिनाहच्या कानात वाफ शिरल्यासारखं झालं. याला कळलंय. तीन महिने ज्याच्या घरात ती भूत शोधत होती, तो तिच्या घरातलं शोधून बसला होता. त्या काचेच्या पेटीत सगळ्या जगाची माणसं येतात, तोच म्हणाला होता. बर्फातली नवरी येते, मग जोहोरचा फळवाला का नाही येणार? आता सगळं जुळायला लागलं. म्हणूनच हा गोड बोलतो. म्हणूनच देण्याघेण्याचं काही विचारलं नाही. म्हणूनच मूग वेचले, गुडघ्यांवर बसून. सासूची नाडी हातात आहे म्हटल्यावर गुडघ्यांवर बसायला काय जातं?

“कोणी सांगितलं तुला?” ती म्हणाली.

लुत्फी गोंधळला. “काय बू?”

“भोळा होऊ नकोस. नाव असं मोकळं सोडून आणून माझ्यापुढं ठेवतोस. बघायचं होतं मी काय करते ते? मग विचार ना तोंडावर! त्या तुझ्या पेटीतनं जोहोरपर्यंत हात पोचतो तुझा, मग इथं टेबलापलीकडं का पोचत नाही?”

“जोहोर?” लुत्फी म्हणाला.

“माक,” वेनिंगच्या हातातलं केळं तसंच राहिलं. “काय बोलतेस तू?”

“याला विचार! बापाच्या नावापुढचं कुठं गेलं ते विचार!”

लुत्फीने वाकून कागदाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. “ते होय! माफ करा बू, ते सांगायचंच राहिलं. कंस काढलेले नाहीत अजून.”

“काय काढलेलं नाही?”

“कंस. ते दोन अर्धगोल. एकेक अक्षर हाताने काढावं लागतं ना, आधी मोठी काढली, मग लहान, मग शेपट्या. कंस शेवटी ठेवले. न काढलेलं अक्षर उमटवलं की तिथे रिकामी चौकट येते, ती वाईट दिसते, म्हणून नमुन्यापुरतं आतल्या अल्मसकट सगळंच वगळलं.” तो थांबला, आणि जरा हळू म्हणाला, “लग्नाच्या पत्रिकेत कंस गेलेल्या माणसाशिवाय कुठं लागत नाहीत. म्हणून ते माझ्याकडून नेहमीच मागं राहतात.”

बाहेर साजियेमच्या कोंबड्या कलकलत होत्या. तुगिनाहने ओढणी सारखी केली. केळ्यांची थाळी उगाच पुढे सरकवली.

“घे,” ती लुत्फीला म्हणाली. “गरम आहेत तोवर खा.”

“माक,” वेनिंग म्हणाली. “बाबा बातामच्या समुद्रात गेले ना? मग जोहोर कुठनं आलं?”

“तोंडातनं निघालं.”

“तुझ्या तोंडातनं उगाच काही निघत नाही.”

ती तुगिनाहचीच पोर होती. डोळे तसेच बारीक करून बघत होती, जसे तुगिनाह आयुष्यभर सगळ्या गावाकडे बघत आली. त्या नजरेपुढे बसायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लुत्फी उठून बाहेर जायला निघाला, तर वेनिंगने त्याला हाताने खाली बसवलं.

“जिवंत आहेत?”

“तेव्हा होता,” तुगिनाह म्हणाली. “आता मला ठाऊक नाही.”

वेनिंग रडली नाही. रडली असती तर बरं, तिला कुशीत घेऊन विषय बुडवता आला असता.

“हजाराव्या दिवशी मी पानं पुसत होते,” वेनिंग म्हणाली. “तू म्हणालीस, नीट पूस, बाबा बघतायत.”

“मग काय करायचं होतं मी?” तुगिनाहचा आवाज चढला. “टाकलेली बाई म्हणून बसायचं होतं दारात? विधवेला लोक तांदूळ आणून देतात, पोरी. टाकलेलीवर नजर ठेवतात. तिच्या दारावरनं नवरा गेला तरी बायका घरात भांडी आपटतात. मला कोणी आपल्या लग्नाच्या चुलीजवळ उभी केली असती? तू शिकलीस कशावर? त्या भातावर शिकलीस.”

“मी तेव्हाचं विचारत नाही माक. आत्ताचं विचारते. निकाहात पोरीच्या बाजूने तिला देणारा वली म्हणून तू काकाला उभं करणार होतीस. बाप जिवंत असताना काकाने लावलेला निकाह लागतो का?”

हे तुगिनाहला ठाऊक होतं. लग्न ठरल्यापासून वाफेच्या पातेल्याखाली जाळ असावा तसं ते तिच्या पोटात होतं. निकाह खोटा, तर पोरीचा संसार खोटा, पुढे होतील ती लेकरंही. जावयाच्या घरात भूत नाही याची खात्री करायला ती मूग घेऊन गेली होती, आणि आपल्याच घरातलं पोरीच्या पाठीशी बांधून देत होती.

लुत्फी कागदाकडे बघत बोलला. “वाट आहे बू. बापाचा ठावठिकाणा नसला तर निकाहाच्या कचेरीचे साहेब स्वतः वली होतात. फक्त पाक मोदिनना तसं सांगावं लागतं. आणि गावानेही तसं म्हणायला हवं.”

“गावाने,” तुगिनाह म्हणाली.

“नाहीतर मी आज बसून कंस काढतो. घटकाभराचं काम आहे. तुम्ही म्हणाल तसं. माझ्याकडून कोणाला कळणार नाही.”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. चांगुलपणाने म्हणत होता, की उद्यासाठी तिच्या मानेवर हात ठेवत होता? तोंडावरनं काही कळेना. मग तिच्या ध्यानात आलं, की कंस काढले तर हे तिला मरेपर्यंत कळणार नाही. हा दर ईदला गोड बोलेल, पाया पडेल, आणि दर वेळी ती विचार करत राहील. पोरही तशीच बघत राहील. काही न बोलता, डोळे बारीक करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेनिंग बालवाडीत गेल्यावर ती लुत्फीच्या घरी गेली. ओढणीच्या गाठीत काही नव्हतं. त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात ती उभी राहिली.

“कंस काढू नकोस.”

लुत्फीने खुर्ची वळवली. “मग नावच गाळू का बू? तसंही करतात काहीजण.”

“कशाला गाळायचं? पोर काय मला अळवाच्या पानात सापडली? बाप होता तिला. जसा होता तसा छाप.” ती आत आली, पडद्यासमोर वाकली. पत्रिका तिथे उघडीच होती. “आणि हे बघ. माझ्या नावाची ही शेपटी त्याच्या नावाखालनं गेलीय. ती काप.”

“शोभेसाठी आहे बू. दोन नावं जोडलेली दिसतात.”

“तेच म्हणते. काप.”

त्याने कापली. हाताखालचा माउस जरासा सरकवला आणि शेपटी मागे मागे येत तिच्या नावापाशी थांबली. आता दोन नावं शेजारी शेजारी होती, मध्ये थोडा कोरा कागद ठेवून. तुगिनाह बराच वेळ बघत राहिली.

“चांगलं दिसतं,” ती म्हणाली. मग त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून म्हणाली, “पण पडदा उघडा ठेवत जा. लोक काहीबाही बोलतात.”

छापखान्यातून पत्रिका आल्या तेव्हा वेनिंग म्हणाली, मी वाटते, तू बस. तुगिनाहने ऐकलं नाही. वडीलधाऱ्यांना पत्रिका हातात द्यायची असते, आणि ती आईने द्यायची असते. तिने ठेवणीतला केबाया घातला, जांभळा, गळ्याशी पिन लावलेला. केस घट्ट बांधले. वेनिंग दारात उभी राहून बघत होती. त्या शुक्रवारपासून दोघींत कामापुरतंच बोलणं होतं. तुगिनाह पायरी उतरली तेव्हा वेनिंग आतून तिच्या चपला घेऊन आली आणि खाली वाकून तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

कुंपणापाशी साजियेम होतीच. “काय गं, नटून कुठं? पत्रिका आल्या वाटतं? बघू!”

“तुझी पाळी येईल,” तुगिनाह म्हणाली आणि न थांबता पुढे गेली.

पाक मोदिन ओसरीवर बसून नखं कापत होते. त्यांच्या दाढीत आता काळा केस शोधावा लागत होता. तिला पाहून ते गडबडीने उठले, आत वळून चहा सांगितला, तिच्यासाठी खुर्ची पुसली. हीच ती ओसरी, इथेच ती हजाराव्या दिवसाचं आमंत्रण द्यायला आली होती. तेव्हाही त्यांनी खुर्ची पुसली होती.

“वा, वा! वेनिंगचं लग्न!” त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, चष्मा चढवला. “केवढं नक्षीचं अक्षर आहे हे! जावईबापूंचं का? वाचायला जरा अवघड जातं पण.”

“सावकाश वाचा,” तुगिनाह म्हणाली. “मला घाई नाही.”

ते बोट ठेवून वाचू लागले. वेनिंगचं नाव पुटपुटले. लुत्फीचं पुटपुटले. बोट खाली उतरलं. पोनिरान, त्यांच्या ओठांनी म्हटलं, आणि बोट तिथे थांबलं. पुढे सरकलं, परत मागे आलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला आणि परत चढवला.

“छापायचं राहिलेलं नाही, पाक मोदिन,” तुगिनाह म्हणाली.

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेले ठेवून तशीच आत गेली. पाक मोदिननी पत्रिका मांडीवर ठेवली. त्यांची नजर अंगणातल्या रांबुतानच्या झाडाकडे गेली. जणू त्या वेळची सगळी माणसं तिथे पंगतीला बसली होती आणि ते त्यांना काय सांगायचं याचा विचार करत होते.

“मग वलीचं बघावं लागेल,” शेवटी ते म्हणाले.

“तेच बघायला आले.”

“गावात चार लोकांसमोर सांगावं लागेल बू. तुमच्या तोंडून.”

“माझं तोंड गावाला माहीत आहे.”

ते जरासे हसले, पण हसू ओठांवर टिकलं नाही. “बसा,” ते म्हणाले. “आधी चहा घ्या.”

तुगिनाह बसली होतीच. खुर्चीला पाठ न टेकवता, ताठ. चहा गोड होता, फारच गोड, पण तिने तो सगळा प्यायला. मग रिकामा पेला खाली ठेवून मांडीवरच्या पत्रिकांचा गठ्ठा दोन्ही हातांनी सारखा केला. अजून सगळं गाव बाकी होतं.